सुताला जाळी का लागते

हाताने विणलेला सुती टॉप समोर आला की नजर आधी काठावर जाते. खाली चार बोटं लेस, कधी बाहीला, कधी गळ्याभोवती. पाहणाऱ्याला वाटतं, कपडा आधी पूर्ण झाला आणि मग साडीला फॉल लावावा तशी ही लेस लावली. विणणाऱ्यांतल्याही पुष्कळजणी तसंच धरून चालतात: वेळ असेल तर लेस, नसेल तर साधी बॉर्डर. मला हे पटत नाही. लोकरीच्या कपड्यात जे काम तंतू स्वतःच्या गुणाने करतो, ते सुती कपड्यात विणीकडून करून घ्यावं लागतं. जाळीची लेस हे त्या कामाचं सर्वांत सोपं साधन आहे. ती सुंदर दिसते हा वरचा लाभ. हे नीट कळायचं तर सुरुवात कापसाच्या बोंडापासून करावी लागते.

बोंड फुटायच्या आधी कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे रसाने भरलेली एक बारीक नळी असते. बोंड उकललं, उन्हाने रस वाळला, की नळी चपटी होते आणि स्वतःभोवती पिळली जाते. या पिळांमुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचं सूत निघतं. पण तंतू ताणायला जावं, तर मूळ लांबीच्या ६-७ टक्क्यांपलीकडे तो फारसा जात नाही, तुटतो. आणि जेवढा ताणला तेवढा मागेही येत नाही. लोकरीची गोष्ट वेगळी. तिचा तंतू प्रथिनाचा, रेणूंतही वेटोळी आणि तंतूच्या अंगावरही लहरी. तो ३० टक्क्यांपर्यंत ताणून सोडला तरी बराचसा जागेवर येतो. मेंढीच्या अंगावर तो वर्षभर दबतो, भिजतो, पुन्हा फुलतो. कापसाच्या तंतूला सरकी वाऱ्यावर नेण्यापलीकडे काही काम नव्हतं.

आता या दोन धाग्यांचे टाके घालून पाहा. विणकामात धागा कुठेच सरळ नसतो, प्रत्येक टाका हा एक फास असतो आणि वरच्या ओळीतला फास खालच्यातून ओढून घेतलेला असतो. कपडा अंगात घातला की हे फास रुंदीत ताणले जातात, आणि कपड्याच्या स्वतःच्या वजनाने लांबीत. ताण सुटला की लोकरीचा फास पूर्ववत होतो. सुताच्या फासात धागा नुसता सरकतो. आडव्या भागातलं सूत उभ्या भागात जातं आणि तिथेच राहतं. धागा लांबलेला नसतो, तुटलेला नसतो, तरी कपडा लांब आणि अरुंद होतो. म्हणून स्वेटरच्या मापाने विणलेला सुती टॉप दोनचारदा घातल्यावर मांडीपर्यंत येतो. विणणारीचा हात सैल होता असं म्हणून तिला बोल लावायचा प्रघात आहे. हात कितीही घट्ट असला तरी हे थोडंफार होतंच.

वजनाचाही भाग आहे. कापसाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम, लोकरीची १.३. शिवाय लोकरीचे नागमोडी तंतू आपल्यात हवा धरून ठेवतात, त्यामुळे थोड्या तंतूंचाही धागा जाड दिसतो. सूत तसं फुगत नाही, जाडी हवी तर तेवढा कापूस घालावाच लागतो. त्यामुळे सारख्या जाडीच्या ५० ग्रॅमच्या गुंड्यात लोकर जास्त मीटर भरते, सूत कमी. सवयीने गुंडे मोजून आणणारीला हे दुकानात कळत नाही, बाही अर्ध्यावर आल्यावर कळतं. आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून विकलं जातं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं आणि ते तर दोहोंपेक्षा हलकं. त्यावर बसलेला हात सुताकडे वळला की गणित आणखीच चुकतं.

यावर कुणी म्हणेल, मग बनियन? तीही सुती, तीही विणलेलीच. बरोबर आहे. बनियन आणि टी-शर्ट यांची वीण ही आपली एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी साधी वीणच आहे. इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र काढलं, तेव्हापासून यंत्रं हीच वीण विणत आली. पण यंत्राचं सूत इतकं बारीक असतं की वजनाचा प्रश्नच उभा राहत नाही. आणि तिथेही गळा पाहा. जुन्या, निव्वळ सुती बनियनचा गळा वर्षभरात लोंबायला लागतो, हे घरोघरी माहीत आहे. गळ्याची पट्टी एक सुलट एक उलट अशा विणीची असते. ही वीण आकसते, कारण सुलट टाका पुढे येतो, उलट मागे जातो, आणि दोन्ही एकमेकांमागे लपायला बघतात. मात्र ओढल्यावर त्यांनी पुन्हा लपावं यासाठी धाग्यात ओढ लागते. लोकरीत ती आहे. सुतात ती पहिल्या दिवशी वाटते, धुतल्यावर थोडी परत येते आणि महिन्याभरात संपते. स्वेटरची बॉर्डर कंबरेला कपडा धरून ठेवते ती विणीच्या जोरावर नाही, विणीने लोकरीला दिलेल्या संधीच्या जोरावर. सुताला तीच संधी दिली तर सूत तिचं काही करत नाही. काहीजणी बॉर्डर दोन नंबर बारीक सुईवर घेतात, काही बारीक इलॅस्टिक आतून ओवतात. चालतं. पण ते लोकरीचा कपडा सुतात आणण्याचे प्रयत्न झाले.

बॉर्डर सोडून दिली तर काय होतं? काठ गुंडाळतो. साध्या विणीचा खालचा आणि वरचा काठ पुढच्या बाजूला वळतो, उभ्या कडा मागच्या बाजूला. टी-शर्टची शिवण कापून पाहिली की हे लगेच दिसतं. वाकवलेल्या धाग्याला सरळ व्हायचं असतं. सुलट बाजूला सगळे टाके एकाच दिशेने वाकलेले, त्यामुळे सगळ्यांचा जोर एकाच बाजूला लागतो. इस्त्रीने तो दबतो, धुतल्यावर पुन्हा येतो. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर जोर दोन्हीकडे वाटला जातो आणि काठ सपाट राहतो. पण ती वीण दाटते, लांबीला जास्त ओळी खाते, म्हणजे सूत जास्त आणि वजन जास्त, तेही नेमकं तळाशी, जिथून ते सबंध कपड्याला खाली खेचणार.

तेव्हा सुती टॉपच्या काठाकडून काय हवं आहे, ते पुरतं स्पष्ट झालं: त्याने गुंडाळू नये, ताणावर विसंबू नये आणि तळाला वजन वाढवू नये. या तिन्ही गोष्टी एकदम देणारी वीण शोधत गेलं की आपण जाळीपाशी येऊन थांबतो.

जाळी कशी पडते हे विणणारीला सांगायला नको, पण त्यात काय घडतं ते सावकाश बघण्यासारखं आहे. सुलट विणताना दोन टाक्यांच्या मध्ये धागा पुढे घेतला की सुईवर एक जादा वेढा पडतो. पुढच्या ओळीत तो टाक्यासारखा विणला जातो. त्याच्याखाली कुठलाही फास नसतो, म्हणून तिथे भोक राहतं. भोक म्हणजे काहीतरी काढून टाकलेलं असं पाहणाऱ्याला वाटतं. विणीत मात्र भोक हे वाढवलेल्या टाक्याने होतं. आता टाका वाढला, तर ओळ रुंद होत जाणार. तसं नको असेल तर त्याच ओळीत कुठेतरी दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. एक जाळी, एक जोडी. एवढ्यावर जगातली सगळी विणलेली लेस उभी आहे, आणि तिचे सगळे प्रकार एकाच प्रश्नातून निघतात: ही जोडी जाळीपासून किती लांब घ्यायची?

जोडी जाळीच्या लगेच शेजारी घेतली तर दोघांचं जिथल्या तिथे फिटतं. भोकांची सरळ रांग मिळते, काठ सरळ राहतो. दोन टाके साधे एकत्र सुलट विणले तर वरचा टाका उजवीकडे झुकतो; एक न विणता उचलून, पुढचा विणून, उचललेला त्यावरून काढला तर डावीकडे. झुकाव बदलत गेलं की पानं, शंकरपाळे, नागमोडी वेल उमटतात. हे सगळं पुस्तकांत भरपूर आहे, त्यात मी शिरत नाही.

मजा पुढे आहे. जोडी जाळीपासून लांब नेली, सगळ्या जाळ्या एकीकडे आणि सगळ्या जोड्या दुसरीकडे ठेवल्या, की ओळ सरळ राहूच शकत नाही. जिथे जाळ्या दाटल्या तिथे टाके पंख्यासारखे फाकतात आणि ओळ वर चढते. जिथे जोड्या दाटल्या तिथे उभ्या रांगा एकमेकींकडे झुकतात आणि ओळ खाली उतरते. कपड्यावर लहर उठते. याचा एक जुना आणि बिनचूक नमुना म्हणजे शेटलंड बेटांवरचा ‘ओल्ड शेल’. स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या या बेटांवर तो लोकरीत, शालींच्या काठाला विणला जातो. १८ टाक्यांचा नमुना, चारच ओळी. पहिली सुलट, दुसरी उलट. तिसरीत तीन वेळा दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र. चौथी ओळ मागच्या बाजूने सुलट, म्हणजे पुढे एक आडवी गाठ दिसते. सहा जाळ्या, सहा जोड्या, टाके पुन्हा १८. शेजारच्या नमुन्याच्या तीन जोड्या लागून येतात, म्हणून जोड्यांचाही सहाचा पुंजका होतो. पुष्कळ पुस्तकांत हाच नमुना ‘फेदर अँड फॅन’ नावाने छापलेला असतो. शेटलंडमधल्या जाणकारांना ती सरमिसळ रुचत नाही, कारण त्यांच्याकडे त्या नावाची वेगळी वीण आहे.

लोकरीच्या शालीत या लहरीचा उपयोग मुख्यतः शोभेसाठी. सुती टॉपच्या तळाला मात्र ती वर सांगितलेली सगळी कामं करते. काठ सरळ नसल्याने त्याला एका रेषेत गुंडाळता येत नाही. टाक्यांचा जोर प्रत्येक नमुन्यात दिशा बदलतो, आणि चौथ्या ओळीची गाठ उरलेला वळसा मोडते. लहरीदार काठ कंबरेला धरून राहायचा नसतोच, मोकळा पडायचा असतो, म्हणून धाग्यात ओढ नाही याने काही बिघडत नाही. आणि जाळीमुळे तेवढेच टाके जास्त जागा व्यापतात, म्हणजे तळाला सूत कमी लागतं. लोकरीच्या स्वेटरला तळाशी आकसावं लागतं. इथे तळाशी पसरायचं आहे. कापसाचा स्वभाव ओढून धरण्याचा नाही, पडण्याचा आहे. लेस त्याला तेच करू देते, फक्त नीट करू देते.

इथे एक शंका रास्त आहे. लेस म्हटली की ती पाण्यात भिजवून, टाचण्या लावून, ताणून वाळवावी लागते, तेव्हा कुठे तिची भोकं उघडतात. शेटलंडच्या आणि रशियातल्या ओरेनबर्गच्या शाली अशाच ताणून वाळवतात, आणि लोकर त्या ताणात वाळली की पुढच्या धुण्यापर्यंत तो आकार धरून राहते. सूत तो आकार किती धरणार? कमीच. पण सुताचीही लेस शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिने यावर एक वेगळी युक्ती काढली होती: खळ. जर्मनीत हर्बर्ट नीबलिंग यांनी विणलेल्या टेबलावरच्या गोल रुमालांचे नमुने, किंवा मारियान किंझेल यांच्या ‘फर्स्ट बुक ऑफ मॉडर्न लेस निटिंग’मधले, हे सगळे बारीक पिळाच्या सुतात विणून, खळ करून, शेकडो टाचण्यांवर वाळवायचे. खळीने जाळी ताठ उभी राहते. आपल्याला खळीची सुती साडी नवी नाही. पण टेबलावरचा रुमाल हलत नाही, टॉप घालून माणूस वाकतं, बसतं, रिक्षात चढतं. तिथे खळीचा आधार नाही. म्हणून अंगावरच्या कपड्याला तीच लेस निवडावी जी टाचणीशिवाय आपली आपण उघडते. ओल्ड शेलमध्ये हे घडतं, कारण जोड्यांचा पुंजका शेजारच्या टाक्यांना दोन्हीकडून स्वतःकडे ओढत राहतो आणि मधल्या जाळ्या उघड्या राहतात. हा ताण धाग्यातला नाही, रचनेतला आहे. धुण्याने तो जात नाही. पानांचे, वेलींचे नाजूक नमुने सुतात विणले की पहिल्या धुण्यानंतर मिटून जातात आणि कपड्यावर नुसती सुरकुती दिसते. मासिकातल्या फोटोत ते छान दिसतात, कारण फोटो टाचण्या काढल्या काढल्या घेतलेला असतो.

सूत कोणतं घ्यावं हेही याच्याशी बांधलेलं आहे. लँकेशायरचा जॉन मर्सर याने सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली आणि १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या द्रावणात कापसाची चपटी नळी पुन्हा फुगून गोल होते. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणात ठेवून हीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला रेशमासारखी चमक आली. मर्सराइज्ड सूत म्हणतात ते हे. त्यावर लव कमी, त्यामुळे भोकाची कड स्वच्छ दिसते. अंगाला मात्र ते जरा गुळगुळीत आणि कडक लागतं, आणि सुईवरून भराभर निसटतं. मला स्वतःला आतला भाग साध्या मऊ सुताचा आणि लेस मर्सराइज्ड असं मिश्रण आवडत नाही. दोन्ही धुण्यात वेगवेगळे वागतात. एकच सूत घ्यावं, मऊ पिळाचं मर्सराइज्ड मिळालं तर उत्तम. क्रोशाचं कडक पिळाचं सूत सुईवर विणू नये. बोटं दुखतात आणि कपडा पत्र्यासारखा उभा राहतो.

एक उदाहरण मोजून पाहू. छातीचं माप ९० सेंटिमीटर. सव्वातीन मिलिमीटरच्या, म्हणजे १० नंबरच्या सुईवर मध्यम जाडीचं सूत साध्या विणीत १० सेंटिमीटरला २४ टाके देतं असं धरू. हे माप नमुन्याचा तुकडा विणून, धुवून, वाळवून, मग तळाला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगल्यावर घ्यायचं. सुईवरून उतरल्या उतरल्या घेतलेलं माप सुताच्या बाबतीत उपयोगाचं नाही. गोल सुईवर २३४ टाके घातले, तर १८ चे बरोबर १३ नमुने बसतात. साध्या विणीत २३४ टाक्यांचा घेर साडेसत्त्याण्णव सेंटिमीटर होतो, म्हणजे अंगापेक्षा साडेसात सेंटिमीटर सैल. तेच २३४ टाके लेसमध्ये पसरून १० सेंटिमीटरला २२ भरले, तर तळाचा घेर १०६ वर जातो. एकही टाका न वाढवता घेराला फुगा मिळाला. स्वेटरमध्ये याच्या उलट करतात, तळाला टाके कमी घेतात आणि बॉर्डर संपल्यावर वाढवतात. गोलात विणताना मागची बाजू येत नाही, म्हणून दुसरी ओळ सुलट आणि चौथी उलट. टाके घालताना सुई ८ नंबरची घ्यावी. घातलेल्या टाक्यांची कड घट्ट असेल तर खाली कितीही जाळी असो, लहर उठत नाही. चोवीस ओळी, म्हणजे नमुना सहा वेळा, साधारण ८ सेंटिमीटर. दर १८ टाक्यांवर खुणेची रिंग अडकवून ठेवली की चुकलेली जोडी त्याच ओळीत सापडते, कारण लेस कितीही लहरली तरी दोन रिंगांमधले टाके प्रत्येक ओळीअखेर १८ च असतात.

गोलात विणण्याचा आणखी एक फायदा सुतातच कळतो. बहुतेकींची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा जराशी सैल पडते. लोकर धुतल्यावर फुलते आणि तो फरक झाकते. सुतावर तो आडव्या पट्ट्यांसारखा कायम राहतो. गोलात साध्या भागात उलट ओळच नाही, म्हणून पट्टेही नाहीत.

वरून खाली विणायचं असेल तर हीच लेस शेवटी येते, आणि तिची लहर उलटी होते. खालून विणताना काठ जोड्यांपाशी खाली लोंबतो. वरून विणताना कपडा उलटा धरलेला असतो, त्यामुळे आता जाळ्यांपाशी लोंबतो. पहिल्यात प्रत्येक पाकळीचं टोक दाट, दुसऱ्यात प्रत्येक पाकळीचं टोक उघडं. मला दुसरं आवडतं, पण टाके बंद करताना हात फार सैल ठेवावा लागतो, नाहीतर पाकळ्या दोरी बांधल्यासारख्या आवळतात. बार्बरा वॉकर यांनी १९७२ च्या ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ या पुस्तकात वरून विणण्याची बाजू सविस्तर मांडली आहे. मधूनमधून अंगात घालून पाहता येतं हा त्यांचा मुद्दा सुताला दुप्पट लागू पडतो. अर्धवट टॉप अंगात घालून थोडा वेळ वावरावं, वजनाने तो कुठपर्यंत येतो बघावं, आणि मग लेस कुठे सुरू करायची ते ठरवावं.

लेस जिथे नको ती जागाही याच विचाराने ठरते. सबंध टॉपचं वजन खांद्यांवर आणि मानेमागच्या चार-पाच इंचांवर टांगलेलं असतं. तिथे पसरणारी, पडणारी वीण घातली तर तो भाग पडतच राहील. बाजारातल्या कृतींत खांद्यापासून खालपर्यंत सगळीकडे जाळी असलेले टॉप असतात. ते थंड देशांतल्या वसंतासाठी, आत शर्ट घालून वर चढवायचे असतात; एडिंबरात किंवा टोरांटोत एप्रिलमध्ये तसंच घालावं लागतं. पुण्यात फाल्गुनात सकाळी गारवा आणि अकराला ऊन, टॉप अंगालाच लागून असतो आणि घामाने ओलसर होऊन आणखी जड होतो. तेव्हा खांदे साधे, दाट, आणि शिवून घेतलेले. गळ्याला थोडी लेस हवीच असेल तर जाळी आणि जोडी शेजारी असलेली एकच रांग घ्यावी: चार ओळी साध्या, मग ‘धागा पुढे, दोन एकत्र’ अशी एक ओळ, पुन्हा चार साध्या, आणि जाळीच्या रांगेवर दुमडून आतून शिवायची. भोकांवर घडी पडली की बारीक दात्यांचा काठ होतो, आणि दुहेरी कापडामुळे गळा लोंबत नाही. हाच काठ तळाला घालणं चूक, तिथे दुहेरी सुताचं वजन नको. क्रोशाची सवय असेल तर गळ्याला घट्ट साखळीची एक फेरीही पुरते. क्रोशाचा टाका विणीच्या टाक्याएवढा सरकत नाही.

लहान मुलांच्या टोपड्यात ही गोष्ट पूर्वीपासून आहे, आपण तिकडे बघत नाही एवढंच. कडेला जाळीची एक रांग असते आणि तिच्यातून नाडी ओवलेली असते. सूत स्वतः आवळत नाही, तर भोकं ठेवा आणि आवळायचं काम नाडीला द्या. टॉपच्या कंबरेला किंवा बाहीला हाच उपाय चालतो, सुताचीच वळलेली नाडी घेतली तर रंगही जुळतो.

आता उरतात ती टोकं. लोकरीची दोन टोकं ओली करून हातावर चोळली की एकमेकांत गुंततात, कारण तिच्या तंतूंवर खवले असतात. सुतात तसं होत नाही. नवा गुंडा लेसच्या मध्यावर जोडला तर गाठ भोकातून डोकावते, आणि गाठ न मारता नुसतं टोक ओवलं तर ते दोन धुण्यांत बाहेर येतं. म्हणून गुंडा संपत आला असेल तर लेस सुरू करण्याआधी बदलावा, म्हणजे जोड साध्या विणीत, काखेखालच्या रेषेवर येईल. आणि टोक एका दिशेने ओवून, थोडं मागे उलट ओवून मग कापावं. थोडा उगाच वाटणारा धागा शिल्लक सोडायला हरकत नाही.

धुण्याला सूत भीत नाही. ओला कापूस कोरड्यापेक्षा बळकट असतो, लोकरीच्या नेमकं उलट. भीती आहे ती पाण्याच्या वजनाची: ओला टॉप दोरीवर टाकला की सगळं पाणी लेसकडे उतरतं आणि टाके पुन्हा लांबीत सरकतात. टॉवेलात गुंडाळून पिळावा, पलंगावर किंवा गच्चीत चटईवर आडवा पसरावा, काठाच्या पाकळ्या बोटांनी बाहेर ओढून ठेवाव्यात. टाचण्यांची गरज नाही. पहिल्या धुण्यानंतर वाळला की एकदा मापाची पट्टी लावावी. लांबी जास्त भरली आणि टॉप वरून विणलेला असला, तर बंद केलेली कड सोडून चार ओळी उसवायच्या, एक लहर कमी करायची आणि पुन्हा सैल हाताने बंद करायचं. खालून विणलेल्या टॉपला ही सोय नाही. त्यात कमी करायचं तर खांदे उसवावे लागतात.